दादाच्या मापाचं पुलपीट

दादा,

चौदा बाकं, दोन खिडक्या, भिंतीवरचा क्रूस आणि प्रवचनाचं पुलपीट, एवढं या हातांनी केलं. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, बायबलचं शास्त्रही नाही. पुलपीट तुझ्या उंचीचं केलं, कारण पाळक तू होणार होतास. तू चर्च सोडलंस. अकरा वर्षं मी पाच इंची खोक्यावर उभा राहून प्रवचन करतोय.

परवा फोनवर म्हणालास, "नऊ माणसांपुढे प्रवचन कसलं? गप्पा मार!" खरंय. हल्ली प्रार्थनेत माझाच आवाज मला नकोसा होतो. बायको म्हणते, "कापा की ते पाच इंच!" दोनदा करवत लावली, पण कापवेना. तू आलास तर तुला वाकून वाचावं लागेल.

काल हॉटेलवाला आला होता. काउंटरसाठी पुलपीट मागत होता. मी नाही म्हणालो. साठ हजार देत होता.

तुझा धाकटा