इब्लिसपणाचा नवस

४ सप्टेंबर
आज परत अंगावर वरण! चमचा तोंडाशी नेला की हे मान फिरवतात. पाच महिने झाले — उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. साडी बदलायचंही त्राण नाही. तशीच बसले लिहायला.

६ सप्टेंबर
नात आकांक्षाचा पुण्याहून फोन. "आजी, तू आजोबांना इब्लिस म्हणायचीस ना? मी शोधलं. इब्लिस म्हणजे सैतान!" अरे देवा! चाळीस वर्षं मी नवऱ्याला सैतान म्हणत आले?

पण तसं नाही. सासूबाईंचा शब्द तो. दारू पिऊन बायकोला मारतो त्याला आमच्याकडे इब्लिस म्हणत नाहीत, नालायक म्हणतात. ज्या लेकराला धपाटा घालून लगेच कडेवर घ्यायचं, त्याला म्हणायचा शब्द. आता कुणी म्हणत नाही. आता सगळी पोरं 'नॉटी'!

आणि हे होतेच तसे. संक्रांतीला वाशिमहून येताना व्याह्यांना डुलकी लागली, तर "हिंगोली आली!" म्हणून कनेरगाव नाक्यालाच उतरवलं. गाडी पुढे, व्याही खाली! अजून बोलत नाहीत ते. मी लाजेनं मेले होते.

९ सप्टेंबर
ह्यांना कुशीवर वळवताना कंबर भरली.

११ सप्टेंबर
शेजारच्या पद्माबाई आल्या होत्या. "अवो, शिवरात्रीला नागनाथाला नवस बोल्ल्या व्हत्या ना तुमी? भाऊजी गप झाले की आता! काहून फेडला न्हाई अजून? बराबर न्हाई ते."

बोलले होते खरी — ह्यांचा इब्लिसपणा जाऊ दे, पाच नारळ वाहीन. दीड महिन्यात हे पडले. आता नारळ वाहिले तर ह्यांना असंच ठेव म्हटल्यासारखं होईल. नाही वाहिले तर देवाचा कोप. ह्यांची वाचा मीच घालवली का?

१२ सप्टेंबर
ह्यांच्याकडे बघवत नाही.

१५ सप्टेंबर
शेवयांची खीर केली. पहिला चमचा — मान फिरवली. दुसरा — परत तेच. अशी चीड आली! तिसऱ्याला ह्यांनी कधी नव्हे तो आ केला, तर चमचा वळवून मी माझ्याच तोंडात घातला. उरलेली वाटीही ह्यांच्यासमोर चाटूनपुसून खाल्ली.

हे बघतच राहिले. अर्धे ओठ हलले. आणि पाच महिन्यांनी आवाज आला — "इब्... लिस!"

मला म्हणाले. मला!