नखं

३ मार्च
आले एकदाची! समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या मधोमध उभं असलेलं आमचं लोखंडी घर टुमदार आहे. खोली इवलीशी, पण स्वच्छ. खिडकीतून फिरती पाती दिसतात. जाळी ओढणाऱ्या बोटींना इथे बंदी, त्यामुळे खरवडून निघालेला समुद्रतळ पुन्हा भरतो आहे. मासे परतलेत. माझं काम शिंपल्यातली कालवं परत आणण्याचं. दगडांना लेप लावायचा, टाकीतली कालवांची पिल्लं त्यावर बसतात, मग पाणबुड्या ते दगड खांबांच्या पायथ्याशी मांडतो. सुनेच्या संसारात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं. महिनाअखेरीस जाऊन नातीला मनसोक्त खेळवीन.

५ मार्च
पाणबुड्या कामसू, पण गबाळा. सदा तोंडावर फडकं, जेवतोही पाठ फिरवून. लेप लावायला दोघांत हातमोज्यांची एकच जोडी आणि तिला कुजक्या मासळीची घाण. दिली फेकून. तो म्हणाला, ताई, लेप लागला की पिल्लं कुठल्याही टणक जागी बसतात. दगड की माणूस ते बघत नाहीत. मी सुनावलं, माझे हात तुझ्या मोज्यांपेक्षा स्वच्छ आहेत.

९ मार्च
नखांवर करडे ठिपके. ब्रशने घासले, सोडा चोळला, सुईने टोकरले. निघत नाहीत. घास तोंडाशी नेला तर बोटांना शिळ्या खाऱ्या पाण्याचा वास. शी! ताट लोटलं. पाणबुड्या फडक्याआड हसला मेला.

१२ मार्च
ठिपके नव्हेत, शिंपले. दहाही नखांवर. चिमटा सरकत होता, म्हणून एक दातांनी उपटला. खाली नख नव्हतंच. पांढरट, लिबलिबीत काहीतरी आक्रसलं. भडाभडा ओकले. बोट मागवली, वारा फार, परवा येईल म्हणतात. या हातांनी नातीला घेऊ कशी?

१३ मार्च
भरती आली की शिंपले उघडतात. सगळे एकदम. पाण्यात हात बुडवला की बरं वाटतं — त्याचीच जास्त किळस येते.
पाणबुड्याने फडकं सोडून दाखवलं. दात नाहीत. शिंपल्यांच्या दोन ओळी — ओल्या, मिटलेल्या. म्हणाला, मला नखं चावायची खोड होती, ताई.

१४ मार्च
बोट आली. परत पाठवली.
मुलाचा फोन. पोरीला पहिला दात आलाय म्हणे. तिला फोनवरूनच पापा दे म्हणतो — बोल ना आई म्हणतो —
जीभ दातांवर फिरवली. खरखरीत.
भरती चढतेय. ओठ घट्ट मिटलेत — आतून ढकलतंय — पोरगी हसतेय — ओठ उघड