मिशी काढायले कोणी तयार नाही

बाबा,

बाईमाणसानं चारचौघांत नाचू नये, हे तुमी कोन्या तोंडानं म्हणता? मायचं लुगडं नेसून गावच्या दंडारीच्या खेळात जन्मभर बाई होऊन तुमीच नाचले ना! माय तुमच्या निऱ्या घालून दे, मी आरसा धरून उभी. तुमी बोलणं विसरले का मागून सांगायलेबी मीच. तवा घराची इज्जत गेली नाही, आन् आता मी उभी राह्यली त जाते?

मी काही मागायले गेलती का? यंदा माहेरच्या दंडारीत सासूच्या कामासाठी एकबी पोट्टा मिशी काढायले तयार नाही, म्हणून ढोलकीवाल्या गफ्फारभाईनं मले विचारलं. नवरा हासला, पण नाही म्हटलं नाही त्यानं. गफ्फारभाई म्हणते, "आधी आपल्या उस्तादाची हो पाहिजे." उस्ताद म्हणजे तुमी. साऱ्या गावात आडवे पडले ते फक्त तुमीच!

मले ते काम पाहिजे, बाबा. इतकी वर्षं कापूस वेचतानी मी तुमचीच बोलणी म्हणत आली.

मागच्या बाजारीबी असंच पत्र लिहून आणलं होतं. तुमाले पाह्यलं आन् ते पिशवीतच राह्यलं. आता घाटंजीच्या येत्या बाजारी हो का नाही, ते तोंडानं सांगा. हो असंल त पेटीतलं मायचं हिरवं लुगडं संगं आणा.

नाही असंल तरीबी आणा. लुगडं बाईचंच आहे.

तुमचीच पोरगी,
पंचफुला