टाच उचलली की

सर,

काल राजापेठेतल्या हॉलवर मी एका मुलीला मारलं. चालताना तिची टाच उचलली गेली. माझ्या हातात पऱ्हाटी होती, कापसाच्या झाडाची वाळकी काडी. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, पण नाटकाच्या तालमीला मी ती घेतल्याशिवाय जात नाही.

टाच न उचलता चालायची ही चाल जपानहून तुम्ही आणलीत. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं, डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड असल्यासारखं. आणि त्या चालीत ग्रीकांचं नाटक बसवलंत: नवऱ्यावर सूड म्हणून पोटची पोरं कापणारी आई. अकोल्याच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात ती आई मी होते. तुम्ही उकिडवे बसून माझ्या टाचा बघता. टाच उचलली की काडी. "मोठी आली नटी! चालता येत नाही, अन् पोरं मारते म्हणे." सगळे हसतात. पोटऱ्यांवर वळ घेऊन मीही हसते. रंगमंचावर मात्र तुम्ही रक्ताचा थेंब चालू दिला नाही. खून म्हणजे बाहीतून सोडलेली लाल रेशमी पट्टी, बस.

प्रयोगाच्या आदल्या दुपारी ती पट्टी माझ्या हातून लवकर सुटली. तुम्ही उठलात आणि कानाखाली मारलीत, पूर्ण हाताने. डाव्या कानात शिट्टी वाजली, मानेवरून काहीतरी कोमट उतरलं. "आता कर," तुम्ही म्हणालात. मी केलं. पट्टी बरोबर पडली. मग तुम्ही आपला रुमाल दिलात, स्वतः चहा आणलात आणि बशीत ओतून माझ्यापुढे धरलात. त्या चहापायी मी तुम्हाला माफ करत आले. त्या कानाने मला आजही ऐकू येत नाही.

काल ती मुलगी ओरडली नाही. पुन्हा चालली, जमिनीला चिकटून, खांदे जराही न हलवता. तशी चाल मी या गावात पाहिली नव्हती. मला आनंद झाला. सगळे गेल्यावर ती पायरीवर पोटरी चोळत बसली होती.

"मॅडम, तुमचे सर मारत होते काय तुमाले?"

"कधीच नाही."

"रागावत तरी असन."

"आवाजसुद्धा चढवायचे नाहीत."

तिने वळावरून बोट फिरवलं. "मंग माह्यातच काई कमी असन," म्हणाली आणि चपला घातल्या. "उद्या लवकर येईन."

ती आत्ता आलीय, सर. हे पत्र तिच्या हाती द्यावं म्हणून मी हॉलवर लिहायला बसले होते. आता कागद तिला न देता घडी करून पिशवीत टाकते आहे. तुमची अब्रू राखली, असं म्हणता आलं असतं. पण काल खोटं बोलताना तुम्ही माझ्या मनात नव्हतात. ती पुन्हा तशी चालावी, एवढंच होतं.