कणगीत लिंपलेली वर्तमानपत्रं

विंझर, पौष, १९५०

बाजीदादा,

पत्ता न कळवता बसलास, मग ह्ये पत्र टाकू कुठं? तरी लिवते.

तू अमेरिकेला गेलास, तिथं आपली माणसं इंग्रजाच्या इरुद्ध छापायची ती वर्तमानपत्रं तू घरी धाडलीस, आन् मागनं फौजदार आला. आईनं समदी वर्तमानपत्रं भाताच्या कणगीला आतनं चिकटवून वर शेणानं लिंपली व्हती. त्याला कायबी घावलं न्हाई. जाताना म्हनला, "बाई, कागद घावला की मानूस घावलाच समज."

तवापासनं तुझं पत्र न्हाई. आई मातर दर सुगीला कणगी लिंपत ऱ्हायली. इंग्रज गेला तरी थांबली न्हाई. भोरचे केशव मास्तर वाचनालयासाठी ती वर्तमानपत्रं मागाया आले, तर तिनं त्यांना उंबऱ्यावरनंच वाटंला लावलं. म्या लई भांडले, "आता कुणाचं भ्या?" ती शेण कालवाया बसली.

काल रानातनं आले, तर आई कोयत्यानं कणगी फोडत बसलेली. भात घरभर सांडलेलं. शेणासंगं निघालेला एकेक कागद पदरानं पुसत व्हती.

"आये, ह्ये काय?"

"फौजदार म्हनला व्हता न्हवं, कागद घावला की मानूस घावतो. आता घावू दे माझा बाजी."

तुझी धाकटी,
सोजरा