दादा, माझ्याकडे औषध नाही

प्रिय दादा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन माझ्या ड्रॉवरमध्येच पडून आहेत.

सोमवारी तुझी इंजेक्शनं सुरू व्हायची होती आणि तू हॉस्पिटलमधून तसाच परत आलास, असं वहिनीने सांगितलं. डॉक्टरांना म्हणे ऐकवलंस, "आमची धाकटी याच कॅन्सरवर औषध काढतेय. तोवर थांबतो की!"

दादा, चूक माझी आहे. मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तू गॅरेजमध्ये गाडीखालूनच विचारलंस, "म्हणजे नेमकं करणार काय गं?" माझ्यासाठी तू शाळा सोडली होतीस. मला वाटलं, तुला काहीतरी मोठं उत्तर द्यावं. म्हणाले, "औषध शोधणार."

मी औषध करत नाही रे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवते आणि त्यांच्यातली कोणती जनुकं जागी आहेत, कोणती झोपलीत, ते टिपून ठेवते. दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाद्य घालते, ऊब देते. त्या मजेत वाढतात. तुझ्या पोटात मात्र दोन घास टिकत नाहीत. यातून औषध निघालंच, तरी त्याला कित्येक वर्षं लागतील.

काल हेच सांगायला फोन केला होता. "दादा, इंजेक्शनं घे ना," एवढंच तोंडातून निघालं. तू हसलास. "घाबरतेस कशाला, वेडे? घाईत काम बिघडवू नकोस. नीट कर. मी थांबतो."

आणि मी "बरं" म्हणाले.

तुझी,
तू जिला डॉक्टरीणबाई म्हणतोस ती