गळका गिअरबॉक्स आणि तुमचे चिरंजीव

तीर्थस्वरूप सासूबाईंना अजलूनहून सूनबाई नजाहचा सलाम. इर्बिदला लेकीकडे तुमचे गुडघे बरे असोत, जावई गोड बोलत असोत. इथे आम्ही सगळे खुशाल. तुमचे चिरंजीव तेवढे ट्रकखाली असतात. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

ट्रकच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय. अंगणात कोंबड्या घसरून पडतात. ऑलिव्हची पोती भरून तयार आहेत आणि घाण्यावर आपली पाळी शनिवारी. ती हुकली की पोत्यात माल तापणार, मग ते तेल दिव्यात घालायच्या लायकीचं. मी म्हटलं, मिस्त्रीकडे न्या. तर छाती फुगवून म्हणतात, "मिस्त्री काय आभाळातून पडलेत?" नाही पडले, पण निदान ते आधी बघतात आणि मग ठोकतात.

यांनी आधी सगळे बोल्ट आवळले, त्यात एक तुटला. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं, तर तेल पुढून यायला लागलं. पुढचं बदललं, तर गिअरच्या दांड्याच्या बुडातून. तेल धरायला माझी मन्साफच्या मटण-भाताची मोठी थाळी नेली. (ईदला तिच्यातला भात आधी तुम्हीच चाखा.) शेजारचा मुफ्लिह चहा ढोसत बसलेला, यांना म्हणतो, "अबू सैफ, साबण लाव साबण!" साबणही लावला. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यात इथे दोन ओढे एकत्र आले.

शेवटी मीच वाकून पाहिलं. (माझ्या वडिलांनी जन्मभर अकाबा बंदराचे ट्रक हाकले, हे तुमच्या घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.) गिअरबॉक्सच्या माथ्यावर आतली गरम हवा सोडायला बारीक नळी असते. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून पळतं. तिच्या तोंडावर एक चिंधी घट्ट आवळलेली, आणि चिंधीत तुरटी नि निळा मणी. तुम्हीच दिलेली! ट्रकला दृष्ट लागू नये म्हणून "कुणाला दिसणार नाही अशी बांध" म्हणालात, आणि आज्ञाधारक लेकाला अख्ख्या ट्रकात तेवढीच जागा सापडली.

मी म्हटलं, सोडा ती. तर म्हणे, "आईने दिलीय, तिला विचारल्याशिवाय हात लावणार नाही." गिअरबॉक्स उघडताना आई आठवली नव्हती. तेव्हा हात जोडून विनंती, शनिवारच्या आत त्यांना तेवढी परवानगी कळवा.

तुमची,
नजाह

ता. क. पत्र नेणारा बसवाला आलाच नाही, पत्र इथेच राहिलं. शुक्रवारी हे नमाजाला गेल्यावर चिंधी मीच सोडली. शनिवारी ट्रक थेंब न सांडता घाण्यावर पोचला. सोबतचा डबा त्याच ऑलिव्हच्या तेलाचा.

ता. ता. क. तुमचे चिरंजीव गावभर सांगतात की शेवटी त्यांचाच हात लागू पडला. मुफ्लिहचा ट्रक आज आपल्या अंजिराखाली विटांवर चढलाय, आणि हे त्याच्याखाली. डब्याच्या झाकणाला तुरटी बांधून परत पाठवते आहे. येताना ती घेऊन या आणि यांच्या दोन्ही हातांना घट्ट बांधा. ट्रकांना धोका तिथूनच आहे.